मित्रांसोबत ऑनलाइन 'फॅमिली फ्यूड' खेळताना सर्वेक्षण स्वतःचे असावे का?

मूळ लेख

आम्ही नऊ मित्रमैत्रिणी वेगवेगळ्या गावी विखुरलेलो आहोत. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी रात्री, आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटतो आणि 'फॅमिली फ्यूड' हा दूरचित्रवाणीवरचा खेळ आमच्या पद्धतीने खेळतो. चौघांचे दोन संघ आणि एक सूत्रसंचालक अशी रचना असते आणि सूत्रसंचालक दर वेळी बदलतो. सात महिन्यांच्या या अनुभवातून माझे एक मत तयार झाले आहे. ते येथील जाणकारांपुढे तपासून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. या खेळाचा प्राण सर्वेक्षणात आहे. त्यामुळे मित्रांसोबत खेळायचे असेल तर पाट्या, आवाज आणि घड्याळ यांची जुळवाजुळव करण्याआधी स्वतःचे सर्वेक्षण करायला हवे, असे मला वाटते.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर १२ जुलै १९७६ रोजी तो सुरू झाला. निर्माते होते मार्क गुडसन आणि पहिले सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन. डॉसन त्याआधी 'मॅच गेम' या दुसऱ्या कार्यक्रमात नियमितपणे दिसत. तेथील शेवटच्या टप्प्यात प्रेक्षकांनी आधी दिलेल्या उत्तरांशी आपले उत्तर जुळवायचे असे आणि त्याच कल्पनेतून पुढे हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. ब्रिटनमध्ये तो १९८० पासून 'फॅमिली फॉर्च्यून्स' या नावाने दिसू लागला. अमेरिकेत २०१० पासून स्टीव्ह हार्वी सूत्रसंचालन करत आहेत.

खेळाची रीत सोपी आहे. एखादा प्रश्न आधीच १०० लोकांना विचारलेला असतो. किमान दोघांनी दिलेली उत्तरे फलकावर पाट्यांआड लपवलेली असतात आणि जितक्या लोकांनी ते उत्तर दिले तितके त्याचे गुण असतात. दोन्ही संघांतून एकेक जण पुढे येतो, बझर दाबतो आणि ज्याचे उत्तर फलकावर वरचे ठरते त्याचा संघ डाव खेळायचा की प्रतिस्पर्ध्याला द्यायचा हे ठरवतो. फलकावर नसलेले उत्तर दिले की एक फुली पडते. तीन फुल्या पडल्या की दुसऱ्या संघाला आपसांत बोलून एकच उत्तर देण्याची संधी मिळते आणि ते उत्तर फलकावर असेल तर साठलेले सगळे गुण त्या संघाकडे जातात.

सुरुवातीचे तीन महिने आम्ही इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार इंग्रजी याद्या वापरल्या. खेळ चालत होता, पण त्यात काहीतरी सतत निसटत होते आणि ते काय हे आम्हाला उमगत नव्हते. मग एका शनिवारी 'घराच्या गॅरेजमध्ये काय ठेवलेले असते?' या प्रश्नावर आठही जण गप्प बसले. तेव्हा लक्षात आले की लोक काय म्हणाले असतील याचा अंदाज आम्ही करतच नव्हतो. अमेरिकेतील अनोळखी माणसे काय म्हणाली असतील, हे आम्ही तेथील मालिका आणि चित्रपट आठवून ताडून पाहत होतो. त्यात ज्याने जास्त मालिका पाहिल्या तो जिंकत असे. अंदाजाचा खेळ माहितीचा खेळ होऊन बसला होता.

त्यानंतर आम्ही स्वतः प्रश्न काढले, गूगल फॉर्म तयार केला आणि खेळात नसलेल्या नातेवाईकांकडून व सहकाऱ्यांकडून उत्तरे मागवली. पहिल्याच रात्री फरक जाणवला. 'घरातून निघताना लोक हमखास काय विसरतात?' या प्रश्नावर 'छत्री' हे उत्तर तिसऱ्या स्थानी निघाले तेव्हा कोणीच 'असे कसे?' म्हणून विचारले नाही. सगळ्यांनी एकदम 'अरे हो!' म्हटले. हा 'अरे हो' ऐकण्यासाठी मी हा खेळ खेळतो.

तरीही तीन गोष्टी अजून नीट जमत नाहीत. सर्वेक्षणासाठी शंभर माणसे आम्हाला कधीच मिळत नाहीत, फार तर चाळीस मिळतात. ऑनलाइन बझर न्याय्य वाटत नाही. आणि एकाच अर्थाची वेगवेगळी उत्तरे एकत्र करताना दर वेळी वाद होतो. यावर आपला अनुभव अवश्य लिहावा.

प्रतिसाद १

धागा आवडला आणि मूळ मताशी मी सहमत आहे. माझा संख्याशास्त्राशी कामानिमित्त संबंध येतो, म्हणून चाळीस माणसांच्या प्रश्नावर लिहितो.

निम्म्या लोकांनी दिलेले उत्तर शंभर जणांच्या यादृच्छिक नमुन्यात मोजले, तर शंभरपैकी पंच्याण्णव वेळा ते खऱ्या प्रमाणाच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे येते. चाळीस जणांत हीच चूक साधारण साडेपंधरा टक्क्यांपर्यंत जाते आणि पंचवीस जणांत वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या चाळीस जणांच्या फलकावर एका उत्तराला १२ आणि त्याखालच्या उत्तराला ९ मते असतील, तर त्यांचा क्रम निव्वळ योगायोगाचा असू शकतो. दुसऱ्या चाळीस जणांना विचारले असते तर तो सहज उलटला असता.

परंतु यामुळे खेळ खोटा ठरत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. फलक समाजाविषयी कोणताही दावा करत नाही. त्याने विचारलेल्या माणसांनी काय सांगितले एवढेच तो दाखवतो आणि तेवढे शंभर टक्के खरे असते. नमुना लहान असला की नुकसान होते ते अंदाज बांधणाऱ्याच्या कौशल्याचे. त्याने लोकांचे मन अचूक ओळखले तरी खालच्या पाट्यांवर नशिबाचा वाटा वाढतो. म्हणून चाळीस जणांच्या सर्वेक्षणात आठ पाट्यांचा फलक करू नये. वरची चार किंवा पाच उत्तरेच ठेवावीत आणि एकाच माणसाने दिलेले उत्तर फलकावर कधीही घेऊ नये.

आणखी एक सुचवतो. चाळीस मतांचे शंभरांत रूपांतर करू नका. ९ मतांचे साडेबावीस गुण करून ते पुन्हा तेवीस करण्यात अर्थ नाही. मते जशी आहेत तशीच गुण म्हणून ठेवा आणि लक्ष्य कमी करा. मूळ खेळात ३०० गुणांना विजय मिळतो. तुमच्या चाळीस जणांसाठी ते १२० होईल.

मूळ लेखकाचे उत्तर

मनापासून आभार. आम्ही नेमकी हीच चूक करत होतो. प्रत्येक संख्या अडीचने गुणत होतो आणि त्या अपूर्णांकांवरून वेगळीच चर्चा होत असे. आठ पाट्याही आम्ही कार्यक्रमासारखे दिसावे म्हणून ठेवत होतो. शेवटच्या तीन पाट्या क्वचितच उघडत आणि त्या पाहून कोणाला काही वाटतही नसे. त्याचे कारण आता समजले.

प्रतिसाद २

बझरविषयी. ऑनलाइन खेळात बझर न्याय्य करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. दिसलेल्या खुणेला माणूस साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो. दोन चपळ खेळाडूंमधला फरक त्यामुळे काही दशांश सेकंदांचाही नसतो, तो बहुधा शतांशांत मोजावा लागतो. दुसरीकडे, आवाजाच्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे आणि घरगुती वायफायवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये तो याहून जास्त होणे नवलाचे नाही. शिवाय हा विलंब प्रत्येकाचा वेगळा असतो. सूत्रसंचालकाचा प्रश्न एकाला आधी ऐकू येतो, दुसऱ्याला नंतर. मग दाबलेल्या बझरचा संकेत परत जातानाही तसेच होते. थोडक्यात, ज्याचे इंटरनेट चांगले तो जिंकतो.

काही संकेतस्थळांवर बझरची पाने मिळतात आणि झूममध्ये हात वर केलेल्यांचा क्रमही दिसतो. त्यांनी कोणाचा संकेत आधी पोहोचला हे कळते, पण प्रश्न कोणी आधी ऐकला ही अडचण तशीच राहते. आमच्या गटाने बझर पूर्णपणे बंद केला. दोन्ही खेळाडूंनी आपले उत्तर फक्त सूत्रसंचालकाला दिसेल अशा खासगी संदेशात लिहायचे, त्यासाठी दहा सेकंद द्यायचे आणि मग सूत्रसंचालकाने दोन्ही उत्तरे मोठ्याने वाचून फलक उघडायचा. दोघांनी एकच उत्तर लिहिले तर त्याच जोडीला दुसरा प्रश्न द्यायचा. गेल्या वर्षभरात आमच्याकडे या टप्प्यावर एकदाही वाद झालेला नाही.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातले तांत्रिक विवेचन बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. बझरमुळे खेळात घाई येते आणि घाईमुळेच माणसाच्या तोंडून विचार न करता उत्तर निघते. सर्वेक्षणातल्या माणसांनीही फार विचार न करताच उत्तरे दिलेली असतात, म्हणून या दोन्ही घाई एकमेकींशी जुळतात. दहा सेकंद दिले की खेळाडू हुशारीने विचार करू लागतो आणि हुशार उत्तर या खेळात बहुतेक वेळा चुकते.

घाईचे सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०२० मध्ये 'फॅमिली फ्यूड'च्या कॅनडातील आवृत्तीत दिसले. निर्णायक फेरीत प्रश्न होता, 'पोपायचे आवडते खाद्य कोणते?' एका स्पर्धक स्त्रीने तत्काळ बझर दाबून 'चिकन' असे उत्तर दिले, कारण तिच्या मनात व्यंगचित्रातला खलाशी आलाच नाही, त्याच नावाची उपाहारगृहे आली. प्रतिस्पर्धी संघाने 'पालक' म्हटले आणि ते जिंकले. तो प्रसंग जगभर पाहिला गेला आणि त्या उपाहारगृहांच्या कंपनीने तिला दहा हजार डॉलरचे खाद्यपदार्थ देऊ केले. दहा सेकंद मिळाले असते तर तिने कदाचित 'पालक' लिहिले असते, पण मग तो क्षण घडलाच नसता.

माझी सूचना अशी की खासगी संदेशाची पद्धत ठेवावी, पण वेळ चार किंवा पाच सेकंदच द्यावा. सूत्रसंचालकाने प्रश्न वाचल्यावर मोठ्याने आकडे मोजावेत आणि पाच म्हणण्याआधी जे लिहून आले तेच धरावे. शुद्धलेखन मुळीच पाहू नये. अर्धा शब्द आला तरी चालेल. विलंबाचा अन्याय त्याने जवळजवळ संपतो आणि घाईही टिकते.

प्रतिसाद ४

धागाकर्त्यांच्या तिसऱ्या अडचणीकडे अजून कोणी वळलेले नाही आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक उत्तरे लिहितात ती आपल्या सोयीने. 'घरातून निघताना लोक काय विसरतात?' या प्रश्नावर आमच्या फॉर्ममध्ये 'किल्ली', 'चावी', 'घराची किल्ली', 'गाडीची चावी', 'किल्ल्यांचा जुडगा' आणि चुकीच्या टंकनामुळे 'किली' अशी सहा उत्तरे आली होती. पहिली दोन एकच आहेत यात शंका नाही. पण घराची किल्ली आणि गाडीची चावी वेगळ्या धरायच्या की एक? त्याच प्रश्नावर 'पाकीट' आणि 'पैसे' यांचे काय करायचे? 'मोबाइल' आणि 'फोन' एक आहेत, पण 'चार्जर' त्यांत घालणे मला पटत नाही, कारण मोबाइल विसरणारा माणूस दारातून परत फिरतो आणि चार्जर विसरणाऱ्याला ते संध्याकाळी कळते. ही दोन वेगळी विसरणी आहेत.

आम्ही पुष्कळ भांडून एक कसोटी ठरवली. दोन उत्तरे देणाऱ्या माणसांना समोरासमोर आणले आणि 'तुम्ही एकच म्हणत आहात का?' असे विचारले, तर दोघेही 'हो' म्हणतील अशी आपली खात्री असेल तरच ती उत्तरे एकत्र करावीत. या कसोटीवर किल्ली आणि चावी एक होतात, पैसे आणि पाकीट बहुधा एक होतात, चार्जर वेगळा राहतो. 'झोप का येत नाही?' या प्रश्नावरची 'काळजी', 'टेन्शन' आणि 'डोक्यात विचार चालू असणे' ही तीन उत्तरे एक होतात, पण 'दुसऱ्या दिवशीची परीक्षा' वेगळी राहते, कारण परीक्षा म्हणणाऱ्याने ठोस कारण सांगितले आहे आणि काळजी म्हणणाऱ्याने मनाची अवस्था सांगितली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे सगळे खेळाच्या आधी व्हायला हवे. सूत्रसंचालकाने प्रत्येक पाटीखाली कोणकोणते शब्द मान्य होतील याची यादी स्वतःजवळ लिहून ठेवावी. खेळ रंगात आल्यावर, दोन फुल्या पडलेल्या असताना, एखाद्याने 'सामान' असे मोघम उत्तर दिले आणि ते कोणत्या पाटीत बसवायचे हे त्या क्षणी ठरवावे लागले, तर कोणताही निर्णय दुसऱ्या संघाला पक्षपाती वाटतो. आमच्याकडे याच कारणाने एक चांगला मित्र दोन महिने खेळायला आला नाही. चूक माझी होती, कारण त्या रात्री सूत्रसंचालक मी होते आणि मी यादी केलेली नव्हती. तेव्हापासून मोघम उत्तर आले की सूत्रसंचालकाने एकदाच 'अधिक नेमके सांगा' म्हणायचे, असा नियम आम्ही दोन्ही संघांसाठी ठेवला आहे.

आणि एक छोटी सूचना. फॉर्ममध्ये पर्याय देऊ नका, मोकळी जागा द्या. पर्याय दिले की लोक त्यांतूनच निवडतात आणि मनात पहिले काय आले हे कधीच कळत नाही. मोकळ्या उत्तरांची छाननी करायला वेळ लागतो, परंतु तो वेळ वाया जात नाही. मला तर ती छाननीच खेळाइतकी आवडते.

प्रतिसाद ५

वरच्या प्रतिसादातल्या कसोटीसाठी धन्यवाद. ती आम्ही उचलत आहोत. एक शंका आहे. छाननी करणाऱ्याला सगळी उत्तरे कळतात, म्हणजे त्या रात्री तो खेळू शकत नाही. सूत्रसंचालक बदलता असेल तर दर वेळी नव्या माणसाला हे काम करावे लागेल आणि सर्वांना ते तितक्या काळजीने जमेलच असे नाही. यावर काय करता?

प्रतिसाद ४ लिहिणारीचे उत्तर

आम्ही दोघांची जोडी करतो. एक जण छाननी करतो आणि सूत्रसंचालन करतो, दुसरा गुण लिहितो आणि संशयाच्या जागी दुसरे मत देतो. पुढच्या वेळी गुण लिहिणारा सूत्रसंचालक होतो, म्हणजे त्याला आधीच्या रात्रीचा अनुभव मिळालेला असतो. यासाठी दोन खेळाडू कमी होतात हे खरे, पण तीन-तीनांचे संघही उत्तम चालतात.

प्रतिसाद ६

प्रश्न कसे काढावेत यावर लिहावेसे वाटते, कारण चांगले सर्वेक्षण वाईट प्रश्नाला वाचवू शकत नाही.

ज्या प्रश्नाचे एकच ठळक उत्तर आहे तो टाकाऊ असतो. 'चार पायांचा प्राणी सांगा' म्हटले की बहुतेक लोक कुत्रा आणि मांजर म्हणतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पूर्वीच पाहिले आहे. बॅटिग आणि माँटेग्यू या अमेरिकन संशोधकांनी १९६९ साली ५६ वर्गांसाठी विद्यार्थी कोणती नावे लिहितात याचे तक्ते प्रसिद्ध केले होते आणि अशा याद्यांत दोन-तीन नावे फार वर, तर बाकीची विखुरलेली असे चित्र वारंवार दिसते. या उलट टोकाचा प्रश्नही नको. 'तुमचे आवडते गाणे कोणते?' असे विचारले तर चाळीस जणांची चाळीस उत्तरे येतील आणि फलक रिकामाच राहील.

माझा अनुभव असा की लोकांना त्यांच्या स्वतःविषयी विचारण्याऐवजी 'लोक काय करतात' असे विचारले की उत्तरे चांगली जमतात. 'तुम्ही कशाबद्दल खोटे बोलता?' यावर माणूस सावध होतो. 'लोक कशाबद्दल हमखास खोटे बोलतात?' यावर मात्र वय, पगार, वजन, तब्येत, 'रस्त्यातच आहे' अशी मोकळी उत्तरे येतात आणि ती चार-पाच ढिगांत नीट बसतात. 'पाहुणे येण्याच्या पाच मिनिटे आधी घरात काय केले जाते?', 'लिफ्टमध्ये अनोळखी माणसासोबत असताना लोक कुठे पाहतात?', 'फोन न उचलण्याचे कोणते कारण लोक नंतर सांगतात?' हे प्रश्न आमच्याकडे फार रंगले. प्रत्येकाने ते प्रसंग पाहिलेले असतात, पण त्यांची उत्तरे कोणी कधी मोजलेली नसतात.

जाता जाता, 'पॉइंटलेस' हा बीबीसीचा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला आणि त्यात हेच यंत्र उलटे फिरवले आहे. तेथेही १०० लोकांना विचारलेले असते, परंतु बरोबर असूनही कोणालाच न सुचलेले उत्तर शोधायचे असते. तेथे ज्ञानाला मान आहे. 'फॅमिली फ्यूड'मध्ये ज्ञानाचा फारसा उपयोग नाही आणि मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. आमच्या गटात सर्वांत कमी बोलणारी मैत्रीण या खेळात सर्वांत जास्त गुण मिळवते, कारण ती इतरांचे ऐकत असते.

प्रतिसाद ७

तयार खेळांची बाजू थोडी मांडतो. सगळ्यांना फॉर्म पाठवणे आणि छाननी करणे शक्य नसते. यूबीसॉफ्टने २०२० मध्ये 'फॅमिली फ्यूड'ची व्हिडिओ गेम आवृत्ती काढली होती. जॅकबॉक्सच्या तिसऱ्या पार्टी पॅकमध्ये 'गेसपिओनाज' नावाचा खेळ आहे आणि त्यात किती टक्के लोक अमुक गोष्ट करतात याचा आकडा ओळखायचा असतो. 'गूगल फ्यूड' या संकेतस्थळावर गूगलच्या शोधपेटीत अर्धे वाक्य लिहिल्यावर सुचणारे शब्द ओळखायचे असतात. अचानक चार जण जमले आणि अर्धा तास हाताशी असला तर हे पुरेसे आहेत.

तरी धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. शोधपेटीत लिहिताना माणूस एकटा असतो आणि त्याला काहीतरी हवे असते. सर्वेक्षणात त्याला कोणीतरी विचारलेले असते आणि तो उत्तर देत असतो. दोन्हींतून माणसे कळतात, पण निराळी कळतात. शिवाय टंकन करून उत्तर द्यायच्या खेळांत मराठी मनात आलेला शब्द इंग्रजीत आणून, त्याचे वर्णलेखन जुळवून मग लिहावा लागतो. माझ्या आईला त्यामुळे तो खेळ आवडला नाही. तिला उत्तर येत होते, शब्द येत नव्हता.

प्रतिसाद ८

शेवटच्या 'फास्ट मनी' फेरीचा विषय कोणी काढलेला नाही. मूळ कार्यक्रमात विजयी कुटुंबातले दोघे जण तेच पाच प्रश्न एकामागून एक सोडवतात. सध्याच्या नियमांत पहिल्याला २० सेकंद मिळतात आणि दुसऱ्याला २५, कारण पहिल्याचे उत्तर पुन्हा दिल्यास त्याला दुसरे सुचवावे लागते. दोघांचे मिळून २०० गुण झाले की २०,००० डॉलरचे बक्षीस असते. पहिला खेळत असताना दुसऱ्याला काहीही ऐकू येऊ नये, अशी व्यवस्था केलेली असते.

ऑनलाइन खेळात हे उलट सोपे आहे. झूमवर दुसऱ्या खेळाडूला प्रतीक्षाकक्षात पाठवावे आणि पहिल्याची उत्तरे लिहून झाली की परत बोलवावे. डाव हिसकावण्याआधी संघाला खासगीत बोलायचे असते, तेव्हा वेगळ्या खोल्यांची सोय वापरावी. मात्र झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांची असते आणि गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांसाठी एक तासाची, हे आधीच लक्षात घेऊन फेऱ्या आखाव्यात. चार फेऱ्या आणि फास्ट मनी यांना आमच्याकडे पन्नास मिनिटे लागतात. बोलके मित्र असतील तर जास्त.

फलक सादरीकरणाच्या पानावर केलेला असेल तर पूर्ण पडदा सामायिक करू नये, केवळ ती खिडकीच सामायिक करावी. पूर्ण पडदा सामायिक केला तर सूत्रसंचालकाची उत्तरांची यादी सर्वांना दिसू शकते आणि महिन्याभराच्या सर्वेक्षणाची मेहनत एका क्षणात संपते. आवाज सामायिक करण्याचा पर्यायही निवडावा लागतो, नाहीतर चुकीच्या उत्तराचा तो 'बर्रर्र' फक्त सूत्रसंचालकालाच ऐकू येतो.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांच्या सूचना वाचून काल रात्री खेळलो, म्हणून सविस्तर कळवतो.

या वेळी ४२ जणांची उत्तरे होती. पाच-पाच पाट्यांचे फलक केले, मते जशीच्या तशी गुण म्हणून ठेवली, विजयाचे लक्ष्य १२५ ठरवले आणि फास्ट मनीसाठी ८५. हे गणित आम्हाला फार पटले. मूळ खेळात दहा उत्तरांत २०० गुण हवे, म्हणजे सरासरी एका उत्तराला वीस. आमच्याकडे साडेआठ. आमची जोडी ७९ वर थांबली. पूर्वी असे अगदी थोडक्यात हुकले की आकडेमोडीविषयी शंका निघत. काल मात्र कोणत्या उत्तरावर घसरलो यावरच सगळे बोलत होते.

बझरऐवजी खासगी संदेश आणि पाच सेकंद, ही तडजोड वापरली. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. 'लोक कशाबद्दल हमखास खोटे बोलतात?' हा प्रश्न वाचला तेव्हा एका मित्राने घाईत केवळ 'कि' एवढेच लिहून पाठवले. त्याला 'किती वाजता निघालो' असे लिहायचे होते आणि आमच्या आधी ठरवलेल्या यादीत 'रस्त्यातच आहे' या पाटीखाली 'निघालो आहे', 'पोहोचतोच', 'निघण्याची वेळ' हे शब्द मान्य होते. अर्धा शब्द चालेल असे ठरलेले असले तरी या एका अक्षरावरून 'किंमत'ही होऊ शकली असती, म्हणून सूत्रसंचालिकेने 'अधिक नेमके सांगा' म्हटले. त्याने सांगितले आणि पाटी उघडली. दुसऱ्या संघातून कोणीही हरकत घेतली नाही. असा शांत निर्णय आमच्याकडे पूर्वी झाला नव्हता.

छाननी मात्र दोघांनी करूनही तीन संध्याकाळी लागल्या. 'पाहुणे येण्याआधी काय केले जाते?' यावर बेचाळीसपैकी अकरा जणांनी पसारा एका खोलीत कोंबून दार लावण्याचे वेगवेगळ्या शब्दांत वर्णन केले होते. एकाने कपाट म्हटले होते, एकाने पलंगाखालची जागा. कसोटी लावून पाहिली, तर हे सगळे एकमेकांना 'हो, मीही तेच म्हणतोय' म्हणाले असते, याबद्दल आम्हा दोघांनाही शंका वाटली नाही. पाटीवर 'पसारा लपवणे' असे लिहिले आणि ती पहिल्या स्थानावर गेली. खेळताना ती शेवटपर्यंत उघडली नाही. सगळे जण झाडणे, पुसणे, कपडे बदलणे अशीच उत्तरे देत राहिले. तीन फुल्यांनंतर दुसऱ्या संघाने आपसांत बोलून ते उत्तर दिले तेव्हा आठही जणांच्या तोंडून निघालेला आवाज मला अजून ऐकू येत आहे.

पुढच्या खेळासाठी सहा नवे प्रश्न काढले आहेत आणि या वेळी साठ उत्तरांपर्यंत पोहोचायचे आहे. येथील ज्या वाचकांना दोन मिनिटे देणे शक्य असेल त्यांनी निरोप पाठवावा, मी त्यांना फॉर्म पाठवीन. प्रत्येक प्रश्नाला मनात पहिले येईल तेच एक उत्तर लिहावे, खोडू नये. प्रतिसाद ४ लिहिणाऱ्या ताईंना विशेष विनंती आहे की त्यांनी फॉर्म भरण्याऐवजी शक्य असल्यास छाननीच्या वेळी आमच्यासोबत बसावे. 'फोन न उचलण्याचे कारण' या प्रश्नावर 'सायलेंटवर होता', 'ऐकू आला नाही' आणि 'दुसऱ्या खोलीत होता' ही तीन उत्तरे आत्ताच आली आहेत आणि ती एक आहेत की तीन, यावर आमच्या दोघांचे एकमत झालेले नाही.